एकाच ड्रमचे तीन डी९०: कणमापन यंत्राच्या निवडीचे एक प्रकरण

हे प्रकरण गोळ्या बनवणाऱ्या एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेतले आहे. ओळख पटू नये म्हणून औषधाचे नाव दिलेले नाही आणि मोजमापे ढोबळ करून दिली आहेत.

पार्श्वभूमी

गोळीतला मुख्य औषधी घटक कारखाना बाहेरून घेत असे. तो जेट मिलमध्ये, म्हणजे हवेच्या वेगवान झोतात कण आपटवून दळणाऱ्या यंत्रात, बारीक केलेल्या पावडरीच्या रूपात २५ किलोच्या ड्रममधून येई. हा घटक पाण्यात फारच कमी विरघळतो. त्यामुळे गोळीतून औषध किती वेगाने सुटणार, हे कणांच्या पृष्ठफळावर आणि पर्यायाने त्यांच्या आकारावर बरेचसे अवलंबून होते. खरेदीच्या अटीत याबद्दल एकच ओळ होती: डी९० २० मायक्रॉनपेक्षा कमी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे घनफळाच्या हिशेबाने ९० टक्के माल २० मायक्रॉनच्या आतला हवा.

हे तपासायला प्रयोगशाळेकडे चाळण्यांचा संच आणि कॅमेरा नसलेला एक जुना मायक्रोस्कोप होता. सर्वांत बारीक चाळणी ३८ मायक्रॉनची. इतकी चिकट पावडर कोरडी चाळली की तिच्या गोळ्या होतात आणि जाळीची भोके बुजतात. द्रव ओतून चाळली तर जवळजवळ सगळी खाली जाते, पण त्यातून कळते ते इतकेच, की माल ३८ मायक्रॉनच्या आत आहे. तेही पूर्ण खरे नाही, कारण लांबट कण उभा राहून निसटतो आणि चाळणी त्याची रुंदी मोजते, लांबी नाही. त्यामुळे आकाराबाबत सगळी भिस्त सप्लायरच्या प्रमाणपत्रावर होती. त्यावर दर वेळी १४ ते १६ मायक्रॉनच्या दरम्यानचा आकडा असे.

अडचण

काही बॅचमध्ये गोळ्यांचे औषध हळू सुटू लागले. प्रमाणपत्रात फरक दिसेना. मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर दोन गोष्टी दिसल्या. बारीक कणांच्या गुठळ्या होत्या, आणि त्यांच्यात मधूनमधून न दळलेले, कांडीसारखे लांब स्फटिक होते. हे स्फटिक किती प्रमाणात आहेत, हे मात्र डोळ्यांनी सांगता येत नव्हते. यंत्र घ्यायचे ठरले ते इथे.

मागणीपत्र फिरायला लागले आणि तीन विभागांनी त्यात आपापली गरज घातली. गुणवत्ता विभागाला येणारा कच्चा माल तपासायचा होता. संशोधन विभागाकडे एका नॅनो सस्पेन्शनचे (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे) काम सुरू होते, त्यांना २०० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचे होते. उत्पादन विभागाला १०० ते १००० मायक्रॉनच्या ग्रॅन्यूलचा, म्हणजे गोळी दाबण्याआधी पावडरीपासून केलेल्या दाण्यांचा, आकार हवा होता. त्यामुळे मागणीपत्राच्या शेवटच्या मसुद्यात ‘१० नॅनोमीटर ते ३ मिलिमीटर मोजणारे एक यंत्र’ असे वाक्य आले. माहितीपत्रकांत अशी यंत्रे सापडतातही.

पहिला निर्णय: मागणीपत्र फोडणे

प्रयोगशाळाप्रमुखांनी हा मसुदा थांबवला आणि तिन्ही विभागांना एकच प्रश्न लेखी विचारला: या आकड्यावर तुम्ही काय ठरवणार? उत्तरे आल्यावर चित्र पालटले. उत्पादन विभागाला ग्रॅन्यूलसाठी चाळण्या पुरेशा होत्या. त्यांची खरी तक्रार चाळणीला लागणाऱ्या वेळेबद्दल होती. संशोधन विभागाला महिन्यातून मोजकेच नमुने तपासायचे होते आणि ते बाहेरून करून घेता येत होते. रोजचा निर्णय, म्हणजे माल घ्यायचा की परत करायचा, फक्त गुणवत्ता विभागाचा होता. तिथे मोजायची पट्टी साधारण अर्धा मायक्रॉन ते ३०० मायक्रॉन एवढीच होती.

या सबंध प्रकरणात सर्वांत जास्त पैसा आणि मनस्ताप वाचवला तो या एका प्रश्नाने. ‘सगळ्यांना पुरेल असे एक यंत्र’ ही मागणी ऐकायला काटकसरीची वाटते. पण पट्टीच्या दोन्ही टोकांना यंत्र काठावर चालते, आणि काठावरच्या आकड्यावर माल नाकारता येत नाही.

पर्याय

पर्यायांची यादी सहा तंत्रांची होती. त्यातली दोन लगेच गळाली. क्ष-किरण वापरून अवसादन, म्हणजे द्रवात कण तळाशी बसण्याचा वेग, मोजणारे यंत्र खनिजांना आणि सिरॅमिक पावडरींना चांगले असते. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचा सेंद्रिय पदार्थ मात्र क्ष-किरण फारसे शोषत नाही, त्यामुळे यंत्राला काही दिसतच नाही. हवेच्या झोताची चाळणी २० मायक्रॉनपर्यंत नीट काम करते, पण इथे २० मायक्रॉनच्या खालीच सगळे घडत होते.

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, बोलीत डीएलएस, यावर मात्र बराच वाद झाला, कारण संशोधन विभागाचा त्यावर भर होता आणि यंत्राची वरची मर्यादा कागदावर काही मायक्रॉनपर्यंत होती. वाद मिटला तो साध्या हिशेबाने. डीएलएस कणाची ब्राउनी हालचाल, म्हणजे द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी थरथर, मोजते. पाण्यातला १० मायक्रॉनचा कण या हालचालीने सेकंदाला सुमारे ०.३ मायक्रॉन सरकतो. त्याची घनता १.४ धरली तर तोच कण वजनाने सेकंदाला सुमारे २२ मायक्रॉन खाली बसतो. म्हणजे जे मोजायचे ते बुडण्याच्या वेगात हरवते. शिवाय बारीक कणांच्या टापूत विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. दहापट मोठा कण दहा लाखपट प्रकाश फेकतो, आणि थोडे जाड कणही बारीक कणांना झाकून टाकतात. नॅनो सस्पेन्शनसाठी हे तंत्र योग्यच आहे. या पावडरीसाठी नाही.

इलेक्ट्रिकल सेन्सिंग झोन म्हणजे कोल्टर तत्त्वाचे यंत्र. ते गांभीर्याने तपासले गेले. छिद्रातून कण जाताना विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून प्रत्येक कणाचे घनफळ मिळते. अपवर्तनांक, म्हणजे कणात शिरताना प्रकाश किती वळतो तो आकडा, माहीत असण्याची गरज नाही आणि बारकावा उत्तम. अडचण पट्टीची. एक छिद्र आपल्या व्यासाच्या साधारण २ ते ६० टक्के एवढेच वाचते, म्हणजे १०० मायक्रॉनचे छिद्र २ ते ६० मायक्रॉन. या मालात १ मायक्रॉनचे कणही होते आणि २०० मायक्रॉनच्या कांड्याही. कांड्यांनी छिद्र बुजत राहिले असते, आणि छिद्रे बदलून निकाल जोडणे रोजच्या कामात कुणी नीट करत नाही.

स्वयंचलित प्रतिमा-विश्लेषण कांड्यांसाठी सर्वांत प्रामाणिक तंत्र, कारण लांबी आणि रुंदी वेगळी दाखवते. पण एकमेकांवर पडलेले बारीक कण ते एकच धरते. दुसरे म्हणजे ते संख्या मोजते आणि अट घनफळाची होती. १०० मायक्रॉनच्या एका गोल कणाचे घनफळ १ मायक्रॉनच्या दहा लाख कणांएवढे असते. घनफळावरचा डी९० स्थिर यायला पुरेसे मोठे कण कॅमेऱ्यापुढून जावे लागतात, आणि त्यासाठी मोजणी फार लांबते.

उरले लेझर डिफ्रॅक्शन. कणांवरून लेझरचा प्रकाश कोणत्या कोनात किती विखुरतो, यावरून ते आकार काढते. पट्टी पुरेशी, मोजणी काही मिनिटांची, सप्लायरकडेही हेच तंत्र आणि आयएसओ १३३२० हे प्रमाण उपलब्ध. उणीव अशी, की ते प्रत्येक कण गोल आहे असे धरून आकडा काढते. कांडीचा ‘व्यास’ मग तिच्या लांबी आणि रुंदीच्या मधे कुठेतरी येतो. हे मान्य करून, जोडीला कॅमेऱ्याचा मायक्रोस्कोप घ्यायचा, असे तत्त्वतः ठरले.

विक्रेत्यांकडची पहिली चाचणी, आणि ती वाया का गेली

तीन विक्रेत्यांना एकाच ड्रममधला माल पिशव्यांतून पाठवला. ‘कणांचा आकार मोजून द्या’ एवढीच सूचना. डी९० आले १३, १९ आणि ३१ मायक्रॉन.

सुरुवातीला ही तुलना यंत्रांची वाटली. कच्च्या फाइल मागवल्यावर कळले, की तुलना भलत्याच गोष्टींची होती. १३ देणाऱ्याने कोरड्या पद्धतीने ४ बार हवेच्या दाबावर मोजले होते, आणि त्या दाबाला कांड्या मोडत होत्या. ३१ देणाऱ्याने नुसत्या पाण्यात मोजले होते. पावडर पाण्याला भिजत नव्हती, वर तरंगत होती आणि गुठळ्यांसकट मोजली गेली. १९ देणाऱ्याने सर्फॅक्टंट (पावडर पाण्यात भिजवणारा साबणासारखा पदार्थ) वापरला होता, पण गणना फ्राउनहोफर सूत्राने केली होती. ते जाड कणांना चालते, काही मायक्रॉनच्या खाली चालत नाही. त्याचा डी९० विश्वासार्ह होता, डी१० (ज्याच्या आत १० टक्के माल असतो तो आकार) नव्हता.

शिवाय पिशव्या भरल्या होत्या ड्रमच्या वरच्या थरातून चमच्याने. हलवाहलवीत पावडरीचे बारीक आणि जाड थर वेगळे होतात, आणि वरचा चमचा ड्रमचा प्रतिनिधी नसतो. ॲलन आणि खान या संशोधकांच्या १९७० मधल्या तुलनेत जाड-बारीक वाळूच्या मिश्रणाचे नमुने वेगवेगळ्या रीतीने काढले होते. चमच्याने काढल्यावर प्रमाण विचलन सुमारे ५ टक्के, ढीग करून चार भाग करण्याच्या पद्धतीत जवळपास ७ टक्के आणि फिरत्या विभाजकात ०.१ टक्क्याच्या आसपास आले. लेझर यंत्राची स्वतःची पुनरावृत्ती या पहिल्या दोन आकड्यांपेक्षा सहसा बरीच चांगली असते. थोडक्यात, फरक मोजण्याआधीच पिशवीत पडलेला होता.

दुसरी चाचणी

या वेळी फिरता विभाजक भाड्याने आणला. माल विभागून बंद कुप्यांत भरला, आणि कुप्यांवर नावाऐवजी फक्त सांकेतिक क्रमांक टाकले. प्रत्येक विक्रेत्याला चार कुप्या गेल्या:

क. नेहमीचा माल.
ख. तोच माल पुन्हा, वेगळ्या क्रमांकाने.
ग. त्याच मालात वजनाने ५ टक्के न दळलेले, सुमारे २०० मायक्रॉनचे स्फटिक मिसळून.
घ. प्रमाणित काचगोळ्या, ज्यांचे उत्तर आधीच माहीत होते.

सोबत अटी होत्या. ओल्या मोजणीसाठी त्याच औषधाने संपृक्त केलेले आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेले पाणी, त्यात ०.१ टक्का पॉलिसॉर्बेट ८० हा सर्फॅक्टंट. कोरड्या मोजणीत ०.५, १, २, ३ आणि ४ बार या पाचही दाबांचे निकाल. निकालाबरोबर ऑब्स्क्युरेशन (कणांनी लेझरचा किती टक्के प्रकाश अडवला ते), वापरलेला अपवर्तनांक आणि गणनेतला अवशेष, म्हणजे मोजलेला प्रकाश आणि सूत्रातून आलेला प्रकाश यांतली तफावत.

संपृक्त पाण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण इथे हमखास चूक होते. औषध ‘जवळजवळ अविद्राव्य’ असले तरी लेझरच्या टाकीत एक-दोन मायक्रॉनचे कण काही मिनिटांत विरघळू शकतात. खूण सोपी आहे: मोजणी चालू असताना ऑब्स्क्युरेशन हळूहळू घसरते आणि डी१० वर सरकतो. संपृक्त पाणी यावर उपाय, पण संपृक्तता तापमानावर अवलंबून असते. अल्ट्रासोनिक जास्त वेळ चालवला की पाणी तापते आणि कण पुन्हा विरघळू लागतात. गार पडले की विरघळलेले औषध नव्या स्फटिकांच्या रूपाने बाहेर येते. म्हणून अल्ट्रासोनिक ३० सेकंदांवर बांधला आणि पाण्याचे तापमान नोंदवायला सांगितले.

काचगोळ्यांवर तिन्ही यंत्रे पास झाली. ‘क’ आणि ‘ख’ मध्येही तिघांचे आकडे जुळले. फरक पडला ‘ग’ कुपीत.

इथे एक गोष्ट उघडी पडली, जी खरे तर आधीच लक्षात यायला हवी होती. ५ टक्के जाड स्फटिक मिसळूनही डी९० फारसा हलला नाही, १७ वरून २० च्या जवळ गेला, इतकेच. साहजिक आहे. डी९० च्या वर १० टक्के माल असतो आणि त्या १० टक्क्यांत काय दडले आहे याचा या आकड्याला पत्ता नसतो. जाड कणांची ही शेपूट आकाराच्या वितरणाच्या वक्रात वेगळ्या उंचवट्याच्या रूपाने स्पष्ट दिसत होती, पण अट मात्र डी९० चीच. मालाच्या वागण्याचे कोडे बहुधा इथेच होते, आणि कोणतेही यंत्र घेतले तरी अट बदलल्याशिवाय ते सुटले नसते.

हा उंचवटा दोन यंत्रांनी दाखवला, तिसऱ्याने ओल्या पद्धतीत दाखवला नाही. गंमत म्हणजे तिसऱ्याचीच पट्टी माहितीपत्रकात सर्वांत रुंद होती. कमी माल लागावा म्हणून त्याने लहान टाकी वापरली होती. तिच्यातला ढवळणारा पंखा २०० मायक्रॉनचे स्फटिक वर उचलून धरू शकत नव्हता आणि ते तळाशी बसत होते. नमुन्याच्या मापाचाही प्रश्न होता. २०० मायक्रॉनच्या एका कणाचे वजन सुमारे ६ मायक्रोग्रॅम. ५० मिलिग्रॅम माल घेतला तर त्यात असे सव्वाचारशेच्या आसपास कण येतात आणि निव्वळ योगायोगाचा चढउतार ५ टक्क्यांच्या घरात राहतो. १० मिलिग्रॅम घेतला तर जेमतेम ८५ कण, आणि चढउतार ११ टक्के.

उंचवटा दाखवणाऱ्या दोघांपैकी एकाचा निकाल सुरुवातीला संशयास्पद वाटला, कारण सर्फॅक्टंटमुळे झालेले हवेचे बुडबुडेही साधारण याच टापूत खोटा उंचवटा करतात. खात्री करायला ढवळण्याचा वेग कमी केला आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजले, शिवाय माल न घालता नुसत्या द्रावणाचे वाचन घेतले. बुडबुडे असते तर उंचवटा वाचनागणिक बदलला असता आणि नुसत्या द्रावणातही दिसला असता. तसे झाले नाही. मायक्रोस्कोपखालीही स्फटिकच दिसले.

कोरड्या मोजणीत दाबाचा आलेख उपयोगी पडला. १ बारपर्यंत गुठळ्या सुटत नव्हत्या. २ बारला निकाल ओल्या पद्धतीशी जुळला. ३ आणि ४ बारला डी९० घसरतच राहिला, कुठेही स्थिरावला नाही. असा न थांबणारा उतार दिसला की गुठळ्या सुटत नसून कण मोडत आहेत असे समजावे आणि मायक्रोस्कोपने पडताळावे. इथे ४ बारनंतर गोळा केलेल्या पावडरीत कांड्यांचे तुकडे दिसले.

अंतिम निवड

मोठी टाकी आणि कोरडी जोडणी असे दोन्ही देणारे लेझर डिफ्रॅक्शन यंत्र निवडले. दोन्ही पात्र यंत्रांत तांत्रिक फरक किरकोळ होता. निवड तीन व्यावहारिक बाबींवर झाली: काचेच्या खिडक्या प्रयोगशाळेतल्या माणसाला स्वतः काढून पुसता येतात का, कच्चा प्रकाशडेटा साठवून नंतर दुसऱ्या अपवर्तनांकाने पुन्हा गणना करता येते का, आणि नोंदींचा मागोवा ठेवणारे सॉफ्टवेअर मूळ संचात आहे की वेगळे घ्यावे लागते. यातली दुसरी बाब आम्ही प्रत्येक खरेदीत सक्तीची मानू. पद्धत सुधारल्यावर जुने निकाल पुन्हा काढता आले नाहीत, तर तुलनेचा धागाच तुटतो.

जोडीला कॅमेरा बसवलेला मायक्रोस्कोप आणि एक फिरता विभाजक घेतला. विभाजकाला लेखा विभागाचा आक्षेप होता, कारण तो ‘मोजत काहीच नाही’. दोन पद्धतींनी काढलेल्या नमुन्यांचे आकडे शेजारी ठेवल्यावर आक्षेप मागे घेतला गेला. डीएलएस घेतले नाही.

बसवल्यानंतर

अपवर्तनांक ठरवायला वेगवेगळ्या अपवर्तनांकांच्या तेलांत कण बुडवून मायक्रोस्कोपखाली पाहिले. ज्या तेलात कडा नाहीशा होतात तो आकडा जवळचा. तो १.६० च्या आसपास आला. प्रकाश शोषणाचा आकडा, म्हणजे अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग, ठरवणे जास्त नाजूक निघाले. ०.००१ आणि ०.१ या दोन टोकांमध्ये डी९० हलला नाही, पण डी१० मध्ये मोठा फरक पडला, आणि एका टोकाला अर्ध्या मायक्रॉनच्या खाली एक उंचवटा उगवला, ज्याचा मायक्रोस्कोपखाली मागमूस नव्हता. अवशेष सर्वांत कमी आणि खोटा उंचवटा नाही, अशा ०.०१ वर पद्धत बांधली.

पद्धत अशी ठरली. निर्णयाची पद्धत ओली: ऑब्स्क्युरेशन ८ ते १२ टक्के, अल्ट्रासोनिक ३० सेकंद, एक मिनिट थांबून तीन वाचने. रोजची पद्धत कोरडी: २ बार, ऑब्स्क्युरेशन १ ते ५ टक्के. पुनरावृत्तीसाठी औषधसंहितेतली मर्यादा धरली: मधल्या मूल्याला, म्हणजे डी५० ला, १० टक्के आणि डी१० व डी९० या टोकांना १५ टक्के सापेक्ष विचलन, १० मायक्रॉनखाली दुप्पट. ही मर्यादा सैल आहे. प्रत्यक्षात डी५० चे विचलन ३ टक्क्यांवर गेले तरी विश्लेषकाने कारण शोधायचे, असा अंतर्गत नियम केला.

परिणाम

सप्लायरची कोरडी मोजणी ४ बारवर होत होती. त्यांचे १५ आणि इथले १७ यांतला फरक बव्हंशी त्यातून आला होता. दोन्हीकडे २ बार ठेवल्यावर तो मिटला. खरेदीची अट बदलून तीन भागांची केली: डी५० ची वरची आणि खालची मर्यादा, डी९० ची वरची मर्यादा, आणि ५० मायक्रॉनपेक्षा जाड माल २ टक्क्यांपेक्षा कमी. तिसऱ्या अटीवर पुढे काही ड्रम परत गेले. सप्लायरने शोध घेतला तेव्हा कारण मिळाले: मिल सुरू करताना आणि बंद करताना दाब पुरेसा नसताना निघणारा माल मुख्य मालात मिसळला जात होता. तो वेगळा काढायला लागल्यावर शेपूट गेली.

हळू सुटणाऱ्या बॅच कमी झाल्या, थांबल्या नाहीत. उरलेल्यांपैकी काहींचे मूळ कणांत नव्हतेच. मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालायचे वंगण) घातल्यावर मिश्रण जास्त वेळ फिरवले जात होते आणि त्याच्या पाणी न धरणाऱ्या थराने कण झाकले जात होते. ते वेगळे काम म्हणून हाती घेतले.

वेगळे काय करता आले असते

मायक्रोस्कोपला कॅमेरा अगदी सुरुवातीला लावायला हवा होता. लांब कांड्यांची छायाचित्रे पहिल्या चाचणीबरोबर गेली असती, तर ४ बारचा निकाल कुणी निमूटपणे पाठवला नसता.

‘ग’ कुपीसारखा मुद्दाम बिघडवलेला नमुना पहिल्याच फेरीत हवा होता. चांगल्या मालावर सगळी यंत्रे चांगलीच दिसतात. त्यात ५ टक्क्यांबरोबर १ टक्क्याचीही कुपी ठेवली असती, तर यंत्राला शेपूट किती लहान असेपर्यंत दिसते हे कळले असते. अटीतली २ टक्क्यांची मर्यादा मग अंदाजाने ठरवावी लागली नसती. ती चाचणी नंतर केली: ५० मिलिग्रॅममध्ये १ टक्का दिसतो, पण तीन वाचनांत तो अर्धा ते दीड टक्का असा हेलकावतो. म्हणून आता १.५ ते २.५ च्या दरम्यान निकाल आला तर विभाजकातून दोन नवे नमुने काढून पुन्हा मोजले जातात.

सप्लायरची मोजणीपद्धत पहिल्याच दिवशी मागायला हवी होती. प्रमाणपत्रावर फक्त ‘लेझर डिफ्रॅक्शन’ लिहिलेले असते. दाब, द्रव आणि अपवर्तनांक लिहिलेले नसतात. ही चार ओळींची माहिती यंत्र न घेताही मिळाली असती.

नॅनो सस्पेन्शनचा प्रश्न मात्र पुढे ढकलला गेला आहे. त्याचे नमुने वाढले, तर डीएलएससाठी स्वतंत्र मागणीपत्र येईल, आणि त्याच्या चाचणीच्या कुप्या आतापासूनच शीतकपाटात ठेवल्या आहेत: एक ताजी, एक मुद्दाम गुठळ्या केलेली.